एक स्पर्धक, अनेक खाती

जून २०१५ च्या सुरुवातीला 'इमेजनेट' या स्पर्धेच्या आयोजकांनी एक निवेदन प्रसिद्ध केलं. छायाचित्रात काय आहे हे संगणकाला ओळखायला शिकवणाऱ्या गटांची ही त्या काळातली सर्वांत मानाची स्पर्धा होती, २०१० पासून दरवर्षी भरणारी. छायाचित्रातली वस्तू हजार प्रकारांपैकी कोणती हे प्रोग्रॅमनं सांगायचं, पाच अंदाज करायची मुभा, आणि पाचांपैकी एकही बरोबर नसेल तर चूक धरायची, असा तिचा एक ठरलेला निकष. परीक्षेच्या एक लाख छायाचित्रांची खरी उत्तरं आयोजक स्वतःजवळ ठेवत. गटानं आपले अंदाज आयोजकांच्या सर्व्हरवर पाठवायचे आणि शेकडा किती चुकले एवढाच आकडा परत घ्यायचा. वार्षिक स्पर्धा संपल्यावरही हा सर्व्हर खुला असे, मात्र उत्तरं आठवड्यातून दोनदाच पाठवता येत. निवेदनात चीनच्या बायडू कंपनीच्या संशोधक गटाचं नाव होतं. २८ नोव्हेंबर २०१४ ते १३ मे २०१५ या काळात या गटानं किमान ३० खात्यांवरून किमान २०० वेळा आपली उत्तरं तपासून घेतली होती. या सुमारे चोवीस आठवड्यांत नियमानं ४८ वेळा पाठवता आली असती, म्हणजे मुभेच्या चौपट वापर झाला. त्यातही १५ ते १९ मार्च या पाच दिवसांत चाळीसहून जास्त वेळा. दरम्यान याच गटानं ४.५८ टक्के चुकांचा आकडा जाहीर करून गूगलच्या ४.८२ आणि मायक्रोसॉफ्टच्या ४.९४ टक्क्यांना मागं टाकल्याचं सांगितलं होतं. गटानं माफी मागितली, आयोजकांनी त्याला बारा महिने उत्तरं पाठवायला मनाई केली आणि काही दिवसांतच कंपनीनं गटप्रमुखाला कामावरून काढलं.

या प्रकरणात कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. उत्तरं चोरली नव्हती, सर्व्हर फोडला नव्हता. प्रोग्रॅम त्यांचेच होते, मेहनतही त्यांचीच. मग बिघडलं कुठं? बिघडलं ते मोजमापात. रक्तदाब दहा वेळा मोजून त्यातला सर्वांत चांगला आकडाच डॉक्टरांना सांगितला, तर यंत्र खोटं बोललेलं नसतं, तरी डॉक्टरांपर्यंत पोचलेला आकडा खोटा असतो. परीक्षेच्या सर्व्हरचं तसंच आहे. प्रत्येक वेळी परत येणाऱ्या एका आकड्यातून दडवलेल्या उत्तरांबद्दलची थोडीशी माहिती बाहेर पडते. एकदा-दोनदा ती नगण्य असते, दोनशे वेळा ती साठते.

किती साठू शकते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तरांचे १०,००० प्रश्न आहेत आणि विषयाचं काडीइतकंही ज्ञान नसलेला माणूस नाणं उडवून उत्तरं लिहितो. त्याची जवळपास ५,००० उत्तरं बरोबर येतील, पन्नासेक इकडे किंवा तिकडे. आता हाच माणूस अनेक खाती उघडून अशा ७०० उत्तरपत्रिका पाठवतो. त्यातल्या अर्ध्या, म्हणजे साधारण ३५०, पाच हजारांच्या थोड्या वर जातील. त्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या, आणि ठेवलेल्यांमध्ये प्रत्येक प्रश्नाला बहुमत जिकडे असेल ते उत्तर लिहून नवी उत्तरपत्रिका करायची. गणित सांगतं की या नव्या उत्तरपत्रिकेला ५,६०० च्या आसपास गुण मिळतील. एकदा नाणेफेक करून ५,६०० गाठणं व्यवहारात अशक्य आहे. इथे त्या माणसानं विषयाचं एक अक्षर न वाचता ते गाठलेलं असतं, आणि नवे प्रश्न पुढ्यात आले की तो पुन्हा निम्म्यावर येतो. मॉरिट्झ हार्ट या संगणकशास्त्रज्ञानं याच धाटणीची युक्ती २०१५ मध्ये मांडून दाखवली होती. बायडूच्या गटानं अशी आंधळी नाणेफेक केली असं कोणी म्हटलेलं नाही. पण वारंवार विचारण्याची सोयच मुळात किती किमती आहे हे या हिशेबातून कळतं. एकाला एकच खातं, या नियमाचं मूळ या किमतीत आहे.

इमेजनेट हे मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांचं मैदान होतं. कोडिंग स्पर्धांच्या मैदानात मात्र लाखो विद्यार्थी उतरतात. रशियातल्या साराटोव्ह विद्यापीठातले माइक मिर्झायानोव्ह यांनी उभं केलेलं कोडफोर्सेस, मुंबईच्या डायरेक्टी कंपनीनं २००९ मध्ये सुरू केलेलं कोडशेफ, जपानचं अ‍ॅटकोडर ही त्यातली ठळक नावं. स्पर्धेचा साचा साधारण एकच असतो. दोन-अडीच तास, पाच-सहा प्रश्न, सोप्यापासून अवघडाकडे जाणारे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो पाठवला की यंत्र दडवलेल्या टेस्टवर चालवून बघतं आणि थोड्याच वेळात बरोबर की चूक ते सांगतं. स्पर्धा संपली की क्रमांक लागतात आणि त्यावरून प्रत्येकाचं रेटिंग वर-खाली होतं. हे रेटिंग बुद्धिबळासाठी आर्पाद एलो यांनी बसवलेल्या पद्धतीच्या वळणाचं आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये ४०० चा फरक असेल तर वरचा अकरापैकी दहा वेळा पुढे राहील, असं ते गृहीत धरतं. कोडफोर्सेसवर १२०० च्या खाली नाव करड्या रंगात दिसतं, १६०० ला निळं होऊन 'एक्स्पर्ट' हा किताब लागतो, २४०० ला लाल होऊन 'ग्रँडमास्टर'. वीस वर्षांच्या मुलाला हा रंग किती हवाहवासा वाटतो, ते इंजिनीअरिंग कॉलेजच्या कोणत्याही हॉस्टेलमध्ये कळेल.

इथे दुसरं खातं तीन प्रकारे कामाला येतं. पहिला प्रकार चाचपणीचा. कोडफोर्सेसच्या नेहमीच्या स्पर्धेत प्रत्येक चुकीच्या सबमिशनला ५० गुण कापले जातात. उत्तराबद्दल खात्री नसेल तर ते आधी दुय्यम खात्यावरून पाठवायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं, बरोबर आलं की मुख्य खात्यावरून पाठवायचं. दंड कोणी भरला? ज्याच्या रेटिंगची कोणाला पर्वा नाही अशा नावानं. दुसरा प्रकार खालच्या गटात घुसण्याचा. नवख्यांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात, विशिष्ट रेटिंगच्या वरच्यांना तिथं क्रमांक मिळत नाही. नवं खातं उघडलं की ती भिंत ओलांडता येते. तिसरा प्रकार सर्वांत साळसूद दिसतो, आणि मला तोच सर्वांत हानिकारक वाटतो. चार खाती ठेवायची, आलटून पालटून खेळायचं आणि ज्याचं रेटिंग सर्वांत वर जाईल ते 'आपलं' म्हणून दाखवायचं. कोणत्याही माणसाची कामगिरी दिवसागणिक हलते. तिची ही हलण्याची सरासरी पट्टी १०० गुणांची आहे असं धरलं, तर चार मोजण्यांपैकी सर्वांत वरची मोजणी खऱ्या पातळीच्या सरासरीनं १०० गुण वर असते, दहा असतील तर दीडशेच्या वर. म्हणजे ज्याची खरी पातळी १५०० ची आहे तो काहीही नवं न शिकता १६०० चा 'एक्स्पर्ट' दिसू लागतो. यातही नक्कल नाही, चोरी नाही. बायडूच्या प्रकरणातला दोष जसाच्या तसा इथे आहे, फक्त लहान आकारात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की यानं बिघडतं कोणाचं? वीस हजारांच्या स्पर्धेत एक जास्तीचा माणूस वर बसला तर बाकीच्यांचा क्रमांक एकानं खाली जातो, रेटिंगवर त्याचा परिणाम दिसतसुद्धा नाही. शिवाय अपयशाची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्याला टोपणनावानं सराव करू द्यावा, त्यात शिकणंच आहे. या आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. एकेकट्या प्रकरणातलं नुकसान खरोखर किरकोळ असतं. पण रेटिंग आता केवळ खेळातला आकडा राहिलेला नाही. तो रिझ्युमेवर येतो, कॅम्पस प्लेसमेंटच्या अर्जात येतो. टीसीएससारखी मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी २०१२ पासून 'कोडव्हिटा' ही स्वतःची कोडिंग स्पर्धा घेते आणि तीत चमकलेल्यांना नोकरीचं दार उघडतं. जिथे एखाद्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे मुलाखतीचं बोलावणं अवलंबून असतं, तिथे १०० गुणांची खोटी भर कोणाची तरी जागा घेते. ज्याची जागा गेली त्याला ते कधीच समजत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. आणि भीती घालवायची असेल तर त्यासाठी सोय आहेच. कोडफोर्सेसवर जुनी स्पर्धा घड्याळ लावून पुन्हा 'व्हर्च्युअल' खेळता येते, वरच्या रेटिंगच्या माणसाला खालच्या स्पर्धेत क्रमांकाबाहेर राहून भाग घेता येतो. त्यात दुसऱ्या नावाची गरज पडत नाही. एकाच वैयक्तिक खात्यावरून खेळेन, हे तर तिथे प्रत्येक स्पर्धेला नाव नोंदवताना मान्य करावं लागतं.

इथपर्यंत माझं म्हणणं नियमांचा पक्ष घेणारं आहे. पण या गैरप्रकारावरचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा इलाज म्हणजे दोन खात्यांची उत्तरं सारखी दिसली की दोन्ही खात्यांवर संशय घेणं. हा इलाज दिसतो त्यापेक्षा फार दुबळा आहे, आणि त्याच्या दुबळेपणाची किंमत निरपराध विद्यार्थ्यांना मोजावी लागते. ते कसं, हे नीट पाहायला हवं.

साम्य शोधणाऱ्या साधनांमध्ये 'मॉस' हे सर्वांत परिचित. अ‍ॅलेक्स आइकेन यांनी ते १९९४ मध्ये केलं आणि त्यामागची पद्धत २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली गेली. प्रोग्रॅममधल्या मोकळ्या जागा, चलांना दिलेली नावं असे वरवरचे फरक आधी पुसले जातात. उरलेल्या मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याला एक आकडा दिला जातो आणि त्यातले निवडक आकडे त्या प्रोग्रॅमचे ठसे म्हणून जपले जातात. दोन प्रोग्रॅमचे बरेच ठसे जुळले की जोडी वर येते. नावं बदलून नक्कल लपवणाऱ्याला हे सहज पकडतं, म्हणून साधन म्हणून ते उत्तम आहे. मात्र मॉसच्या कर्त्यांनीच स्पष्ट केलं आहे की जुळणीच्या नुसत्या आकड्यावर विसंबणं हा या साधनाचा गैरवापर आहे, पुढे माणसानं दोन्ही मजकूर वाचून ठरवायचं असतं. साधन फक्त बोट दाखवतं.

हा इशारा किती गंभीर आहे हे संख्येत उतरवल्यावर कळतं. एका मोठ्या स्पर्धेतला सोपा प्रश्न १५,००० जणांनी सोडवला असं धरा. त्यांच्या उत्तरांच्या जोड्या किती होतील? ११ कोटी २४ लाख ९२ हजार ५००. आता एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन प्रामाणिक मुलांची उत्तरं निव्वळ योगायोगानं अगदी सारखी येण्याची शक्यता एक कोटीत एक आहे असं मानू. 'एक कोटीत एक' हे ऐकून कोणीही परीक्षक म्हणेल की हा योगायोग असूच शकत नाही. पण सव्वाअकरा कोटी जोड्यांमध्ये असे अकरा योगायोग होणारच, म्हणजे जवळपास बावीस निरपराध मुलं. आणि सोप्या प्रश्नाच्या बाबतीत एक कोटीत एक हा अंदाजही फार उदार आहे. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहायच्या सरळ पद्धती दोन-चारच असतात. याउलट शेवटचा अवघड प्रश्न फक्त ५० जणांनी सोडवला असेल तर जोड्या अवघ्या १,२२५ होतात, आणि शंभर ओळींचं लांबलचक उत्तर सारखं यायला योगायोगाची जागाच उरत नाही. तेच साम्य पहिल्या प्रश्नात काहीच सिद्ध करत नाही आणि शेवटच्या प्रश्नात जवळजवळ सगळं सिद्ध करतं. ज्या व्यवस्थेत साम्याचा एकच ठरावीक टक्का सगळ्या प्रश्नांना लावला जातो, ती व्यवस्था या फरकाकडे डोळेझाक करते.

साम्याला निर्दोष कारणंही पुष्कळ असतात. एकाच क्लासला जाणारी, एकाच शिक्षकाची व्हिडिओ मालिका पाहणारी मुलं तयार साचा म्हणून तोच कोड वर्षानुवर्षं वापरतात. प्रोग्रॅमच्या पहिल्या तीस-चाळीस ओळी साऱ्या वर्गाच्या सारख्या असतात. पुस्तकात छापलेली एखादी पद्धत दोघंही तशीच्या तशी उतरवतात. कधी दोष दुसऱ्याच ठिकाणी असतो. कोड चालवून पाहण्याच्या काही वेबसाइटवर लिहिलेलं आपोआप सगळ्यांना दिसतं. ती सेटिंग बदलायची राहिली की अनोळखी माणूस तिथून उत्तर उचलतो आणि दोघंही पकडले जातात. कोडफोर्सेस त्याबद्दल स्पर्धकांना आधीच बजावतं आणि असा निष्काळजीपणाही नियमभंग धरतं. मला ते योग्य वाटतं, पण निष्काळजीपणा आणि लबाडी यांना एकच शिक्षा असू नये. सामायिक कोड स्पर्धेपूर्वीच प्रसिद्ध झाला होता हे दाखवून देण्याची संधी मात्र तिथे दिली जाते, हे आवर्जून सांगायला हवं.

साम्याच्या जोडीला दुसरा पुरावा पुढे केला जातो तो आयपी अ‍ॅड्रेसचा. दोन खाती एकाच आयपीवरून आली म्हणजे माणूस एकच, असा तर्क. भारतात तर हा तर्क पायाशीच डळमळतो. हॉस्टेलच्या वाय-फायमधून बाहेर पडणारी तीनशे मुलं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडत असल्यानं मोबाइल कंपन्याही एक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच कॉम्प्युटर लॅबमधला सगळा वर्ग, सायबर कॅफेत बसणारा गावातला मुलगा, हे सगळे या तर्कानं 'एकच माणूस' ठरतात. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचं ब्रॉडबँड आहे त्याच्यावर असा संशय येत नाही. साधनं वाटून घ्यावी लागणाऱ्या मुलांवरच तो जास्त येतो, आणि या पुराव्याबद्दल मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

यावर दुसरा आक्षेप असतो: थोडे निरपराध भरडले गेले तरी चालेल, धाक बसला पाहिजे. स्पर्धा फुकट असते, खातं बंद झालं तर कोणी तुरुंगात जात नाही. या युक्तिवादाचाही हिशेब मांडू. वीस हजार स्पर्धकांपैकी २०० जणांची खरोखर दोन खाती आहेत. आपली तपासणी इतकी चांगली आहे की त्यातले ९५ टक्के पकडते आणि प्रामाणिकांपैकी फक्त एक टक्का चुकून पकडते. पकडलेले दोषी झाले १९०, पकडलेले निर्दोष झाले १९८. इतक्या चांगल्या तपासणीतही शिक्षा झालेल्यांत निम्म्याहून जास्त निर्दोष. अशी शिक्षा धाक बसवत नाही. लबाडी केली काय आणि न केली काय, नशीब फिरलं तर आपण पकडले जाऊच, अशी समजूत ती पसरवते. शिवाय शिक्षा खात्यापुरती राहत नाही. 'चोरी करताना पकडला गेला' हे वाक्य वर्गात, सीनियरांमध्ये आणि कधी कधी प्लेसमेंट ऑफिसपर्यंत पोचतं. तिथे अपील करायची सोय नसते.

मग करायचं काय? इमेजनेटच्या आयोजकांनी जे केलं त्यात एक चांगला धडा आहे. त्यांनी साम्यावर बोट ठेवलं नाही. किती खाती, किती वेळा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता नियम मोडला, हे सगळं आकड्यांत मांडलं. संबंधित गटाशी संपर्क साधला, आणि मग जाहीर केलं. त्या पुराव्याचं बळ अनेक महिन्यांच्या नोंदीत होतं. कोडिंग स्पर्धेतही हेच लागू पडतं. एका स्पर्धेतली एक जुळणी काहीच सांगत नाही, पण एक ठरावीक खातं चुकतं आणि पाच मिनिटांनी दुसरं ठरावीक खातं तोच दुरुस्त कोड पाठवतं, असं स्पर्धेमागून स्पर्धा घडलं तर चित्र बदलतं. एका स्पर्धेत असं योगायोगानं घडण्याची शक्यता हजारात एक धरली, तर सलग तीन स्पर्धांत तेच घडण्याची शक्यता शंभर कोटीत एक होते. मग सव्वाअकरा कोटी जोड्या तपासल्या तरी निव्वळ योगायोगानं अशी एकही जोडी हाती लागण्याचा संभव थोडाच. यातही एक सावधगिरी हवी. दोन जिवलग रूममेट एकत्र अभ्यास करत असतील तर त्यांचे योगायोग एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि वरचा गुणाकार फसतो. म्हणून शिक्षेआधी विचारणं हा शिष्टाचाराचा भाग मानून चालणार नाही. हिशेबात न मावणारी ही माहिती विचारल्याशिवाय हाती येतच नाही.

तरीही तपास, पुरावा, शिक्षा या साखळीवर सगळा भार टाकणं मला पटत नाही. दुसऱ्या खात्याचा फायदा नाहीसा केला तर ते उघडण्याची इच्छाच मरते, आणि हे करता येतं याचे दाखले आहेत. आव्रिम ब्लम आणि मॉरिट्झ हार्ट यांनी २०१५ मध्ये गुणफलकाची एक नवी पद्धत सुचवली. नवं उत्तर आधीच्या सर्वोत्तम उत्तरापेक्षा ठळकपणे सरस असेल तरच नवा आकडा दाखवायचा, नाहीतर जुनाच दाखवत राहायचं. बारीकसारीक फरक दिसेनासे झाले की दोनशे वेळा विचारून फारसं काही गळत नाही. कॅगलसारख्या डेटा-स्पर्धांमध्ये अंतिम क्रमांक स्पर्धा चालू असताना कधीच न दाखवलेल्या वेगळ्या माहितीवर ठरतो, तो याच हेतूनं. कोडफोर्सेसनं २०२० मध्ये नव्या खात्याचं दर्शनी रेटिंग शून्यापासून सुरू केलं. पहिल्या सहा स्पर्धांत ५००, ३५०, २५०, १५०, १०० आणि ५० अशी भर पडत ते खऱ्या पातळीला पोचतं. नवख्याला सुरुवातीलाच रेटिंग पडताना बघावं लागू नये हा त्यामागचा विचार, पण त्याचा एक उपयोग असाही झाला की नवं खातं दाखवण्याजोगं करायला सहा स्पर्धा खर्ची घालाव्या लागतात. चार खात्यांतलं सर्वोत्तम निवडणाऱ्याला चोवीस. उरतो चाचपणीचा प्रकार, त्याला मात्र रचनेत चोख उत्तर सापडलेलं नाही. स्पर्धा चालू असताना थोड्याच टेस्टवर तपासून पूर्ण तपासणी नंतर करण्यानं त्याची धार बोथट होते, संपत नाही. तिथे नोंदी पाहून, विचारून केलेला तपासच लागेल.

कोणी म्हणेल की हा वादच आता शिळा झाला, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेनं मैदानच बदललं. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला झालेल्या आयसीपीसी या विद्यापीठांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीतले बाराही प्रश्न ओपनएआयच्या प्रणालीनं सोडवले, गूगलच्या जेमिनायनं दहा, आणि पहिल्या आलेल्या माणसांच्या संघानं अकरा. अशा वेळी दुसऱ्या खात्याची चिंता कोण करणार? माझ्या मते यानं प्रश्न शिळा होत नाही, उलट साम्याच्या पुराव्याचा उरलासुरला आधारही जातो. एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारणाऱ्या दोन अनोळखी मुलांना मिळणारी उत्तरं बरीच सारखी असू शकतात. त्यांनी नियम मोडलेला असेल, पण ती दोघं एक माणूस नव्हेत, आणि त्यांनी एकमेकांची नक्कलही केलेली नाही. जो आरोप सिद्ध करायचा तोच चुकीचा ठरतो. कोडफोर्सेसनं सप्टेंबर २०२४ मध्ये यंत्राच्या वापरावर नियमानं मर्यादा घातल्या. हा नियम घरी बसलेल्या स्पर्धकावर पाळत ठेवू शकत नाही, तो मुख्यतः स्पर्धकाच्या सचोटीवर चालतो.

म्हणून ज्या आकड्यावर कोणाची नोकरी ठरणार आहे तो घरबसल्या मिळवलेला आकडा नसावा, असं मला वाटतं. स्पर्धा घरातून खेळल्या जाव्यात, त्यांचं रेटिंग शिकण्यासाठी आणि ईर्षेसाठी राहावं, त्यानं हजारो मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावली आहे. पण कंपन्यांनी आणि प्लेसमेंट ऑफिसांनी त्याचा कटऑफ म्हणून वापर थांबवावा. उमेदवाराला समोर बसवून नवा प्रश्न द्यावा, लिहिलेली प्रत्येक ओळ त्याला समजावून सांगायला लावावी. तासाभरात जे दिसतं ते दहा खात्यांच्या नोंदी चाळून दिसत नाही. याला खर्च येतो, वेळ लागतो, दूरच्या गावातल्या मुलाला मुंबई-पुण्यापर्यंत यावं लागतं, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्रात तरी अर्धंअधिक तयार आहे. एमएचटी-सीईटी संगणकावर होते, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत ओळखपत्र तपासणारी, देखरेख असलेली केंद्रं दरवर्षी लागतात. वर्षातून तीन-चार वेळा अशाच केंद्रांवर कोडिंगची देखरेखीखालची फेरी घेता येईल, आणि तिचं रेटिंग घरच्या रेटिंगपासून वेगळं छापता येईल. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला त्यासाठी जास्तीत जास्त जिल्ह्याच्या गावापर्यंतचा प्रवास करावा लागेल. मग तिच्या हॉस्टेलचा आयपी अ‍ॅड्रेस कोणाकोणाशी जुळतो, हे शोधायची कोणालाच गरज पडणार नाही.